दातांच्या भरणातील तंतू आणि रंध्रे : बळ कशात, उणीव कशात?

दाढेला कीड लागली की दंतवैद्याकडे जाऊन ‘चांदी भरून घेणे’ हा उपाय मराठी घरांत अनेक पिढ्यांच्या परिचयाचा आहे. ही चांदी म्हणजे वस्तुतः पारा आणि चांदी, कथील, तांबे यांच्या चूर्णापासून तयार होणारे अमाल्गम. पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा मिनामाता करार २०१३ साली झाला आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, अपवादात्मक वैद्यकीय गरज वगळता, दातांसाठी अमाल्गम वापरण्यास बंदी घातली. चांदीची जागा आता मुख्यत्वे दाताच्या रंगाच्या राळयुक्त भरणाने, म्हणजेच कंपोझिटने, घेतली आहे. ते दिसायला सुरेख असते आणि त्यासाठी निरोगी दात फारसा कोरावा लागत नाही. मात्र दाढेचा बराचसा भाग नष्ट झाला असेल, किंवा पडलेल्या दाताची जागा भरून काढायची असेल, तर साधे कंपोझिट अपुरे पडते. अशा ठिकाणी राळेत काचेचे किंवा पॉलिएथिलिनचे बारीक तंतू घालून तिला बळकटी दिली जाते.

या पदार्थाच्या जाहिरातीत तंतूंच्या ताकदीचे मोठमोठे आकडे दिलेले असतात. ते खोटे नसतात. परंतु तोंडातील भरणाचे भवितव्य त्या आकड्यांपेक्षा राळ आणि तंतू यांच्यामध्ये राहून गेलेल्या सूक्ष्म रंध्रांवर अधिक अवलंबून असते. रुग्णाच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नाही. तंतूंचा ब्रिज टिकला तर शेजारचे दोन निरोगी दात कॅप बसवण्यासाठी कापावे लागत नाहीत. रूट कॅनाल केलेल्या दाढेतील भरणाने चीर अडवली तर दाढ वाचते. चीर मुळापर्यंत गेली तर दाढ काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

कंपोझिटची घडण

दातांच्या कंपोझिटचा पाया दोन शोधांनी घातला. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ साली असे दाखवून दिले की, फॉस्फरिक आम्लाने दाताचे इनॅमल किंचित खरखरीत केले असता त्यावर राळ घट्ट चिकटते. त्यानंतर राफाएल बोवेन यांनी बिस-जीएमए ही राळ विकसित केली. तिचे पेटंट त्यांना १९६२ साली मिळाले. या राळेत काचेची किंवा सिलिकाची अतिसूक्ष्म पूड मिसळली जाते आणि सिलेन नावाचे रसायन पुडीचा प्रत्येक कण राळेशी सांधते. निळा प्रकाश पडताच मऊ लगदा काही सेकंदांत घट्ट होतो.

अशा कंपोझिटची ताकद तपासण्यासाठी आयएसओ ४०४९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार २ मिलिमीटर जाडीची, २ मिलिमीटर रुंदीची आणि २५ मिलिमीटर लांबीची कांडी तयार करून ती एक दिवस ३७ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात ठेवतात. मग ती २० मिलिमीटर अंतरावरील दोन आधारांवर ठेवून मधोमध दाब देतात. दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागासाठी वापरायच्या कंपोझिटने किमान ८० मेगापास्कल ताण सहन केला पाहिजे, अशी अट आहे. या कांडीच्या बाबतीत ८० मेगापास्कल म्हणजे सुमारे २१ न्यूटन बल. साधारणपणे दोन किलोच्या वजनाइतके. चांगली कंपोझिट १०० ते १५० मेगापास्कलपर्यंत जातात. पुडीऐवजी एकाच दिशेने बसवलेले अखंड काचतंतू वापरले, तर हाच आकडा ६०० ते १००० मेगापास्कल किंवा त्याहूनही अधिक होऊ शकतो.

तंतू कशासाठी?

काच ठिसूळ असते हा आपला नित्याचा अनुभव. मग काचेने बळकटी कशी येते? या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडमधील फार्नबरो येथे काम करणाऱ्या ॲलन ग्रिफिथ यांनी १९२०-२१ मध्ये दिले. काच फुटते ती तिच्यातील सूक्ष्म चिरांमुळे, आणि तंतू जितका बारीक तितकी त्यात मोठी चीर असण्याची शक्यता कमी, असे त्यांनी दाखवले. त्यामुळे केसाच्या एक चतुर्थांश जाडीचा काचतंतू त्याच काचेच्या जाड कांडीपेक्षा कित्येक पट अधिक ताण सहन करतो. दंतवैद्यकात सर्रास वापरल्या जाणाऱ्या ई-ग्लास या काचेचे ताजे तंतू सुमारे ३४०० मेगापास्कल ताण पेलू शकतात.

तंतूंचे दुसरे काम याहून महत्त्वाचे आहे. साध्या कंपोझिटमध्ये एकदा चीर सुरू झाली की ती सरळ आरपार जाते. वाटेत तंतू आडवा आला की चिरेला तो तोडावा लागतो, राळेतून उपसावा लागतो किंवा त्याला वळसा घालावा लागतो. प्रत्येक वेळी तिची ऊर्जा खर्ची पडते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींत आणि छताच्या नक्षीत कारागीर नारळाचा काथ्या घालतात, त्यामागील तत्त्व हेच आहे. काथ्यामुळे प्लास्टर कठीण होत नाही; तडा गेला तरी तुकडा सुटून पडत नाही.

चिरेला होणाऱ्या या विरोधाला अभियंते भंगचिवटपणा म्हणतात. साध्या कंपोझिटचा भंगचिवटपणा त्याच्या एककात साधारण १ ते २ असतो, तर आखूड तंतू घातलेल्या कंपोझिटमध्ये तो २.५ च्या पुढे जातो. या आकड्यांचा व्यवहारातील अर्थ ग्रिफिथ यांच्या सिद्धांतावरून काढता येतो. भरणावर १२० मेगापास्कल ताण असताना भंगचिवटपणा १.२ असेल, तर सुमारे ३० मायक्रॉनची चीर किंवा तेवढे टोकदार रंध्र भरण फोडण्यास पुरेसे ठरते. ही लांबी केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी आहे. भंगचिवटपणा २.६ झाला, तर त्याच ताणाला फुटण्यासाठी सुमारे १५० मायक्रॉनची चीर लागते. म्हणजे तंतूंमुळे भरण पाचपट मोठा दोष पचवू शकते.

दिशा, जागा आणि लांबी

तंतूचे बळ त्याच्या लांबीच्या दिशेने असते. आडव्या दिशेने तो फारसा उपयोगी पडत नाही. डॅनिश अभियंते हर्बर्ट क्रेंकेल यांनी १९६४ साली मांडलेल्या गणितानुसार, सर्व तंतू ताणाच्या दिशेत असतील तर त्यांची कार्यक्षमता पूर्ण, म्हणजे १ धरली जाते. विणलेल्या पट्टीत उभ्या-आडव्या दोन्ही दिशांना तंतू असल्यामुळे ती ०.५ होते. एकाच प्रतलात वाटेल तसे विखुरलेले तंतू असल्यास ०.३७५, तर तिन्ही मितींत विखुरलेले असल्यास केवळ ०.२ उरते. ब्रिजमध्ये बल कोणत्या दिशेने येणार हे आधी ठाऊक असते. म्हणून तेथे एकदिश तंतूंचा जुडगा वापरतात. दाढेच्या खड्ड्यात मात्र बल अनेक दिशांनी येते. तेथे विखुरलेले आखूड तंतू सोयीचे ठरतात.

जागेचे महत्त्व स्लॅब टाकणारा मिस्त्री उत्तम जाणतो. दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबमध्ये सळया खालच्या अंगाला बांधतात, कारण वाकताना ताण तेथे पडतो. बाहेर झुकलेल्या सज्जाच्या स्लॅबमध्ये त्याच सळया वरच्या अंगाला असाव्या लागतात. दोन दातांना आधार धरून मधला दात उभा केला असेल, तर तंतू हिरडीच्या बाजूला हवेत. कृत्रिम दात एकाच दाताला धरून लोंबता ठेवला असेल, तर ते चावण्याच्या बाजूला हवेत. चुकीच्या अंगाला घातलेले तंतू कितीही महाग असले तरी फारसे काम करत नाहीत.

आखूड तंतूंच्या बाबतीत लांबीचा प्रश्न येतो. राळेवर पडलेला ताण तंतूच्या पृष्ठभागावरून हळूहळू त्याच्यात उतरतो. त्यासाठी तंतूला काही किमान लांबी असावी लागते. तिला निर्णायक लांबी म्हणतात. तंतूची प्रत्यक्ष ताकद २००० मेगापास्कल, जाडी १६ मायक्रॉन आणि राळेशी असलेली पकड ३० मेगापास्कल धरली, तर ही लांबी सुमारे अर्धा मिलिमीटर येते. आता काही कारणाने पकड निम्मी झाली असे समजा. निर्णायक लांबी लगेच दुप्पट होऊन एक मिलिमीटरच्या पुढे जाते. मग एक मिलिमीटरचा जो तंतू पूर्ण भार उचलत होता, तो आपली पूर्ण ताकद वापरण्याआधीच राळेतून निसटतो. पकड कमी करणारे सर्वांत सामान्य कारण म्हणजे तंतूलगतचे रंध्र.

रंध्रे येतात कोठून?

काचतंतूंच्या एका जुडग्यात हजारो तंतू अगदी जवळजवळ असतात. त्यांच्यामधील फटी काही मायक्रॉनच्या. बिस-जीएमए राळ मधासारखी, किंबहुना त्याहून दाट असते. ती या फटींत सहजासहजी शिरत नाही. जेथे राळ पोहोचत नाही तेथे हवा राहते. दुसरे कारण हाताळणीचे. लगदा ढवळताना, थरावर थर देताना, पट्टी दातावर दाबताना हवा आत कोंडली जाते. दोन लगदे एकत्र कालवून वापरण्याच्या जुन्या कंपोझिटमध्ये बुडबुडे अधिक असत. प्रकाशाने घट्ट होणारा एकच लगदा आल्यावर ते कमी झाले. तिसरे कारण राळेच्या आकुंचनाचे. घट्ट होताना तिचे आकारमान सुमारे २ ते ४ टक्क्यांनी घटते. तंतूंच्या दाट जाळ्यात अडकलेली राळ मोकळेपणाने आकसू शकत नाही आणि तंतूंपासून सुटते.

सर्व रंध्रे सारखीच घातक नसतात, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. राळेच्या मधोमध अडकलेला गोल बुडबुडा हा एक प्रकार. तो भरणाचे आकारमान थोडे पोकळ करतो. परंतु त्याला टोक नसल्यामुळे आणि भोवती तंतू असल्यामुळे बहुधा सहन होतो. दुसरा प्रकार तंतूच्या कडेने बोगद्यासारखे लांबत गेलेल्या रंध्राचा. तो तंतूची पकडच काढून घेतो, आणि चिरेला तयार वाट देतो. कोरड्या राहिलेल्या तंतूंचा असा गठ्ठा भरणात असणे म्हणजे काँक्रीटमध्ये सळईभोवती माल न उतरणे होय. तेथे सळई असते, पण तिचा उपयोग नसतो. म्हणूनच तंतू हे रंध्रांचे दुष्परिणाम सोसण्याचे साधन आहेत, तसेच रंध्रे निर्माण होण्याचे कारणही आहेत. चांगल्या आणि वाईट तंतुमय भरणातील फरक या विरोधाभासात दडलेला आहे.

विमानबांधणीत तंतुमय पदार्थ दीर्घकाळ वापरले जात असल्यामुळे तेथे या प्रश्नाचा अभ्यास पूर्वीच झाला. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, रंध्रांचे प्रमाण ४ टक्क्यांपर्यंत असताना दर एक टक्का वाढीमागे थर एकमेकांवरून सरकण्याला होणारा विरोध सुमारे ७ टक्क्यांनी घटतो. दातांचे भरण विमानाच्या पंखासारखे दाबाच्या भट्टीत शिजवता येत नाही; ते ओल्या तोंडात, काही मिनिटांत, हाताने घडवावे लागते.

प्राणवायू आणि पाणी

रंध्राचा दोष केवळ रिकाम्या जागेचा नसतो. त्यातील हवेत प्राणवायू असतो, आणि प्राणवायू राळ घट्ट होण्याची क्रिया अडवतो. प्रत्येक रंध्राभोवती अर्धवट घट्ट झालेल्या, चिकट राळेचा पातळ थर राहतो. त्यातील सुटे रेणू पुढे लाळेत उतरतात. जेथे पकड सर्वाधिक हवी तेथेच राळ सर्वांत कच्ची राहते.

तोंडातील ओलावा पुढचे काम करतो. राळ पाणी शोषून थोडी मऊ पडते. आयएसओ ४०४९ नुसार घन मिलिमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक पाणी शोषले जाता कामा नये. यापैकी काही परिणाम पदार्थ वाळवल्यास भरून निघतो. परंतु तंतूलगतच्या बोगद्यांतून पाणी थेट काचेपर्यंत पोहोचले, तर सिलेनचे बंध तुटू लागतात आणि काचेच्या पृष्ठभागातील काही क्षार विरघळतात. ही हानी भरून येत नाही. याच वाटेने चहा, हळद, तंबाखू यांचे रंगही आत शिरतात. तंतूंच्या पट्टीत काही महिन्यांनी दिसू लागलेली पिवळट-तपकिरी रेघ ही बहुधा अशा रंध्रांची खूण असते.

मोजमाप कसे करतात?

प्रयोगशाळेत रंध्रांचे प्रमाण काढण्याची जुनी रीत घनतेची आहे. काचेची घनता सुमारे २.५४ आणि राळेची १.२ धरली, तर दोन्ही निम्मे-निम्मे असलेल्या पदार्थाची घनता १.८७ असायला हवी. आर्किमिडीजच्या तत्त्वाने मोजल्यावर ती १.८१ भरली, तर सुमारे ३ टक्के जागा हवेने व्यापली आहे असा निष्कर्ष निघतो. तंतूंचे प्रमाण ठरवण्यासाठी नमुना भट्टीत तापवून राळ जाळून टाकतात. काच मागे उरते. घनतेवरून एकूण प्रमाण कळते, रंध्रांची जागा व आकार कळत नाही. त्यासाठी नमुना कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात किंवा सूक्ष्म सीटी स्कॅन करतात. स्कॅनमुळे नमुना न फोडता बोगदा कोणता आणि बुडबुडा कोणता, हे ओळखता येते.

ताकदीच्या आकड्यांची तुलना करतानाही सावधगिरी हवी. आधारांमधील अंतर, कांडीची जाडी, तंतूंची जागा, नमुना कोरडा की ओला, यांपैकी काहीही बदलले की आकडा बदलतो. मुखातील परिस्थितीशी जवळीक साधण्यासाठी नमुने ५ आणि ५५ अंश सेल्सियसच्या पाण्यात आलटून पालटून बुडवतात. कोरड्या, ताज्या नमुन्याच्या आकड्यावरून दहा वर्षांनंतरच्या भरणाचा अंदाज बांधणे योग्य नव्हे.

कारखान्यातील राळ, दवाखान्यातील हात

रंध्रे कमी करण्याचा सर्वांत प्रभावी मार्ग म्हणजे तंतू कारखान्यातच राळेने भिजवून घेणे. अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठाचे जॉन गोल्डबर्ग आणि चार्ल्स बर्स्टन यांनी १९९२ साली अशा पूर्वभिजवलेल्या अखंड तंतूंचा दंतवैद्यकातील उपयोग मांडला. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात पेक्का वल्लिट्टू यांच्या गटाने काचतंतूंवर दीर्घ संशोधन केले. पुढे त्यातून दवाखान्यात वापरता येणारे तंतूंचे जुडगे आणि आखूड तंतूंची कंपोझिट विकसित झाली. पॉलिएथिलिनच्या विणलेल्या पट्ट्या मात्र दंतवैद्याला स्वतः राळेत भिजवाव्या लागतात. तेथे हाताची सफाई अधिक महत्त्वाची ठरते.

भिजवणे नीट झाले की नाही, हे डोळ्यांनीही कळते. काच आणि राळ यांचा प्रकाश वाकवण्याचा गुण जवळजवळ सारखा असल्यामुळे पूर्ण भिजलेले काचतंतू राळेत जवळपास दिसेनासे होतात. पांढऱ्या, अपारदर्शक रेघा दिसल्या तर तेथे हवा आहे असे समजावे. दात लाळेपासून पूर्ण कोरडा ठेवणे, शक्यतो रबर डॅम लावणे, तंतूंना हातमोज्यांच्या बोटांनी स्पर्श न करणे, पट्टी पातळ राळेच्या थरावर एका टोकाकडून दाबत जाणे आणि लांब पट्टीला तुकड्या-तुकड्याने पुरेसा प्रकाश देणे, या साध्या वाटणाऱ्या गोष्टींनी रंध्रे कमी होतात. आखूड तंतूंच्या भरणावर साध्या कंपोझिटचा एक ते दोन मिलिमीटरचा थर द्यावा लागतो, अन्यथा घासून उघडे पडलेले तंतू खरखरीत होऊन त्यावर किटण साचते.

मुळातील खुंटी

रूट कॅनाल केलेल्या दातात वरच्या बांधणीला आधार म्हणून पूर्वी धातूची खुंटी बसवत. पोलादाचा ताठरपणा सुमारे २०० गिगापास्कल, तर दाताच्या आतील डेंटिनचा २० च्या आसपास. एवढा ताठ धातू मुळात पाचरीसारखे काम करतो आणि मूळ चिरते. फ्रान्समध्ये १९९० च्या सुमारास कार्बनतंतूंच्या खुंट्या आल्या. त्यांचा काळा रंग दातातून दिसत असल्याने पुढे काचतंतूंच्या खुंट्यांनी त्यांची जागा घेतली. काचतंतूंच्या खुंटीचा ताठरपणा धातूपेक्षा डेंटिनच्या बराच जवळ असतो. त्यामुळे बिघाड झालाच तर बहुतेक वेळा खुंटी सुटते, मूळ शाबूत राहते. येथेही रंध्रे आड येतात. खुंटी बसवताना मुळातील अरुंद नळीत सिमेंट खालून वर न भरता वरूनच ढकलले, तर हवा तळाशी कोंडते आणि खुंटीची पकड कमी होते.

प्रत्यक्षातील निष्कर्ष

तंतुमय ब्रिजच्या टिकाऊपणाचे दोन आढावे उद्बोधक आहेत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात साडेचार वर्षांनंतर सुमारे ७३ टक्के ब्रिज टिकून असल्याचे आढळले. २०१७ च्या आढाव्यात पावणेपाच वर्षांच्या सुमारास हे प्रमाण सुमारे ९४ टक्के होते. दोन्हींमधील अभ्यास वेगळे आणि ‘टिकणे’ या शब्दाच्या व्याख्याही सर्वत्र एक नाहीत. त्यामुळे संपूर्ण फरक पदार्थाच्या सुधारणेला जमा करता येणार नाही. बिघाडाचे स्वरूप मात्र सारखेच आढळते. तंतू मधून तुटण्याऐवजी बहुधा वरचा कंपोझिटचा थर तंतूंपासून सुटतो किंवा ब्रिज दातापासून निघतो. दुबळा दुवा सांध्यातच असतो. अशा बिघाडाची बहुतेक वेळा तोंडातल्या तोंडात दुरुस्ती करता येते, ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू होय.

रात्री झोपेत दात खाण्याची सवय असलेल्यांसाठी, हिरडीखाली खोल गेलेल्या आणि कोरडा न ठेवता येणाऱ्या खड्ड्यांसाठी, किंवा सलग अनेक दात गेले असल्यास ही पद्धत सहसा योग्य ठरत नाही. जेथे ती योग्य आहे तेथे रुग्णाने आपल्या दंतवैद्याला तीन प्रश्न अवश्य विचारावेत : तंतू आधीच भिजवलेले आहेत की येथे भिजवणार? दात कोरडा ठेवण्यासाठी काय करणार? आणि थर सुटला तर दुरुस्ती कशी होईल? तंतू कोणत्या कंपनीचा, या प्रश्नापेक्षा या तिन्हींच्या उत्तरांवरून भरण किती काळ साथ देईल याचा अंदाज अधिक चांगला येतो. सहा महिन्यांनी एकदा तपासणी करून घ्यावी. पट्टीवर रेघ उमटली, कडा जिभेला खरखरीत लागू लागली किंवा चावताना बारीक कळ आली, तर त्या तपासणीची वाट न पाहता लगेच दाखवावे. या टप्प्यावर रंध्र बुजवून वरचा थर नव्याने देता येतो. चीर मुळात उतरल्यावर तो मार्ग उरत नाही.